खाणीतलं हरीण

"एवढ्या भोकात मी नाई उतरत बाप्पा!" चांद्याहून आलेला पेंटर रंगाचे डबे उचलून आल्या बैलबंडीनं परत गेला आणि नानाजी मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. माजरीच्या खाणीत, अगदी तळाशी, कोळशाच्या गाड्या जिथं थांबतात ते ठाणं नव्या साहेबाला सजवून हवं होतं. विटांच्या कमानी झाल्या, चुना झाला, बाक झाला, विजेचे दिवेही लागले. बाकामागच्या भिंतीवर चित्र तेवढं राहिलं होतं.

"आमच्या सुकरीवानी भिंत कोन रंगवते, भाऊ?" खाणीतला गडी दसरू म्हणाला.

खरंच होतं ते. पण महायुद्धाच्या दिवसांत गडी कमी पडले तेव्हा याच खाणीत डोक्यावर कोळसा वाहिलेल्या त्याच्या बायकोला आता कायद्यानं खाली उतरता येत नव्हतं. सुकरीला हे फार लागलं. काळोखात घाम गाळायला बाई चालली, आणि उजेड आल्यावर बंदी!

"मले खाली नेत नाई ना? मंग भिंत वर आना," ती फणकारली.

नानाजीला युक्ती पटली. भिंतीला ठोकायच्या फळ्या दसरूनं अंगणात एकीला एक लावून मांडल्या. गेरू, चुना, काजळी घेऊन सुकरीनं सगळ्या फळ्यांवर मिळून एकच मोठं धावतं हरीण काढलं. आपण नाही तर आपला हात तरी तिथं राहील, या आनंदात तिला भूक-तहान सुचेना.

फळ्या दोरावरच्या पाळण्यातून खाली गेल्या त्या संध्याकाळी दसरू घरी आला तो मान खाली घालून. मागं नानाजी.

"काऊन? काय झालं?"

"पाळण्यातून उतरवतानी फळ्या मिसळल्या," दसरू म्हणाला. "गड्यायनं मजबुती पाहून ठोकल्या. तोंड एका टोकाले, शेपूट दुसऱ्या टोकाले, मधात पाय अन् पाठ कुठच्या कुठं."

सुकरी उंबऱ्यावर बसली. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत.

"रडू नको बाई," नानाजी म्हणाला. "उद्या उचकटून पुन्हा लावतो."

"तोंड कोन्या बाजूले हाये?"

"पाळण्याकडं. वर यायच्या वाटेवर."

"अन् शेपूट?"

"कोळशाकडं."

सुकरीनं पदरानं डोळे पुसले. "म्हनजे घरी निघालेला गडी शेपटीपासून चालत येते, अन् तोंडापाशी पोचला का वर निघते?"

"हो."

"मंग हात नोका लावू, भाऊ. धावून राह्यलं ते, घरी जानाऱ्या गड्यासंगं."

सुकरीनं बोटांवरचा गेरू लुगड्याला पुसला आणि दोघांना जेवायला वाढायला उठली.