हळदीची खुर्ची

"उलटी नाई करायची," उत्तमराव म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"काका, खालून पाहिल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

"वरून पाहा ना. वर काय कमी हाये?"

खाली काहीतरी दडवलेलं आहे, असं मला तेव्हाच वाटलं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली; नागपूरच्या एका जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याकडे लाकूड तपासण्याचं काम करते. इंग्लंडमधल्या गावाकडच्या हवेलीतून एका साहेबानं इकडे आणलेल्या आठ खुर्च्यांपैकी सात आमच्या दुकानात होत्या. आठवी किन्हीराजा या गावी असल्याचं उत्तमरावांच्या मुलानं, गजेंद्रनं, फोटो पाठवून कळवलं. मालकांनी मला बजावलं होतं, "चोरीची असेल तर नको."

उत्तमरावांचे वडील जगदेव हे त्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. "साहेबानं जाताना हातानं देल्ली त्याहिले," उत्तमराव म्हणाले.

"आठांतली एकच?"

"तुमी बी गावावानीच बोलून राह्यल्या."

गाव तिला चोरीची म्हणे, आणि लग्न निघालं की नवरदेवाला हळद लावायला तीच मागून नेई. तिच्या सांध्यांत हळद मुरून बसली होती. घरचं कुणी तिच्यावर बसत नसे.

तीन पायांवर ओकच्या लाकडाच्या आडव्या, चमकदार रेषा दिसत होत्या. चौथा पाय लालसर, जड. बाभूळ.

"हा पाय कुणी बदलला?"

"मले काय मालूम." उत्तर फार लवकर आलं.

ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या तुळसाबाई, त्यांच्या पत्नी, मान वर न करता म्हणाल्या, "करू द्या उलटी. हळदीच्या खुर्चीचे पाय वर झाले तं वाईट म्हणून आजवर कोणी पाह्यलं नाई. तुमाले तं पाह्याचं हाये ना? पोराले फोटो पाठवाले तुमीच सांगतलं."

मी चमकले. म्हणजे फोटो पाठवण्यामागे मुलगा नव्हता, उत्तमरावच होते.

उत्तमरावांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "इकाची नाई मले ते," शेवटी ते म्हणाले. "पर मरायच्या आंधी कळलं पायजे, बाप चोर व्हता का नव्हता."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा जमिनीवर पसरला आणि खुर्ची त्यावर स्वतःच, हळू उलटी केली.

बैठकीच्या पट्टीवर छिन्नीनं रोमन सात कोरलेला होता. आमच्या खुर्च्यांवर एक ते आठ आकडे होते, नेमका सातच नव्हता. त्याच्या शेजारी लाकूड जळून कोळसा झालेलं. बाभळीचा पाय त्या जळक्या भागातच बसवलेला, पण स्वतः कुठंही जळलेला नव्हता.

"आधी खुर्ची जळली, नंतर पाय बसवला," मी म्हणाले. "मोडलेली खुर्ची बंगल्यावर चुलीत घातली असावी. तुमच्या वडिलांनी ती ओढून काढली. अशी खुर्ची कोण चोरेल?"

उत्तमराव खाली बसले. जळक्या लाकडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"म्हंजे चोरली नाई."

"तसंच दिसतं."

"मंग देल्ली बी नाई कोणी."

तुळसाबाईंचे हात जुडीवर थांबले.

तेवढ्यात शेजारचे धनसिंग आले. "काका, आमच्या पवनची हळद हाये उद्या. खुर्ची नेऊ का?" पाय वर झालेली खुर्ची पाहून ते बिचकले, मग माझ्याकडे वळून हसले. "काय म्याडम, सापडला का चोर?"

मी उत्तमरावांकडे पाहिलं. साहेबानंच दिली, असं ते आता म्हणू शकले असते. माझी साक्षही त्यांनी काढली असती, तर मी गप्प बसले असते.

"जळणातून काढली व्हती माह्या बापानं," ते म्हणाले. "पाय नवा बसोला. घेऊन जाय. सरळ धरजो."

धनसिंगांनी खुर्ची सरळ केली, दोन्ही हातांनी उचलली आणि नेली.

पंच्यावर चिमूटभर पिवळं आणि काळं पडलं होतं. उत्तमरावांनी तो झटकला नाही. घडी घालून तसाच खांद्यावर टाकला.