जिवंत शोधकाची सुट्टी

आमच्या शाळेत सहावीचा वर्ग दरवर्षी आपला आवडता शोधक निवडतो आणि त्याच्या नावाने वर्गाला एक दिवस सुट्टी मिळते. यंदा फळ्यावर चार जण आले: ध्रुवावर गेलेला, समुद्र ओलांडणारा, वाळवंटवाला आणि नदीचा उगम शोधणारा. मी हात वर केला आणि म्हटलं, "माझी आत्या."

वर्ग खो खो हसला. हसू देत. मी काही तयारीशिवाय उभी राहिले नव्हते.

आत्या पाणी खात्यात आहे. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय, ते ती वरून ऐकून सांगते. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून ती गल्ल्या पालथ्या घालते. मागच्या वर्षी तिने बाजाराच्या रस्त्यावर खडूने फुली मारली. तिथे खोदलं, तर खाली अख्खी खोली मावेल एवढं भगदाड! एखादी बस गेली असती तर थेट आत.

"पण शोधक म्हणजे जिथे कुणी गेलं नाही तिथे जाणारा," विश्वकोश म्हणाला. हा आमचा पहिल्या नंबरचा मुलगा. त्याला सगळं येतं, गप्प बसणं सोडून. "तुझी आत्या तर रस्त्यावरच उभी असते."

"मग डॉक्टर काय तुझ्या पोटात उतरून पोट तपासतात?"

एकच गलका झाला. बाकं वाजली. आधी नदीवाले फुटून माझ्याकडे आले, मग वाळवंटवाले. इतिहासाच्या बाईंनी हात मोजले: एकवीस विरुद्ध अकरा. आत्या जिंकली! मी बाकावर चढून नाचले. समुद्र दाखवायचं तिने मला दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं, पण तिची आठवड्याची सुट्टी फक्त कागदावर. सकाळी बोलावणं आलं की चालली. आता मात्र मलाही सुट्टी, आणि तिच्याच नावाची म्हणून तिलाही सुट्टी, दोघी समुद्रावर!

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिच्या साहेबांना मी आजच पत्र लिहिते. माझाच विद्यार्थी आहे तो, नाही म्हणायची टाप नाही त्याची. येत्या बुधवारी सुट्टी."

आम्ही आनंदाने किंचाळलो.

"तिला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शाळा."

"का पण?"

"आजवर सहावीने निवडलेले शोधक हयात नव्हते. त्यांना सुट्टी वापरता येत नव्हती, म्हणून ती वर्गाने वापरली. ही तर जिवंत आहे. तिची सुट्टी ती घेईल. पटत नसेल तर दुसरा शोधक निवडा. घ्या पुन्हा मतं."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला मोठ्या बाईंचा असा राग आला की काय सांगू! हात वर केला तर समुद्र तिचा एकटीचा, नाही केला तर कुणाचाच नाही. रडू गिळून मी हात वर केला. शेजारी बघते तर विश्वकोशाचाही वर. मग एकेक करत सगळ्यांचे. अख्ख्या वर्गाचे!

बुधवारी इस्त्रीचे कपडे घालून आत्या दारात उभी राहिली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "चल गं तूही. एक दिवस शाळा बुडव, बाईंना मी सांगते."

मला जायचं होतं. खरंच, फार जायचं होतं.

"छे! एकतीस जण तुझ्यापायी वर्गात बसणार आहेत," मी म्हणाले. "आणि मी आले तर दिवसभर माझ्यामागेच फिरशील. तू जा."

तिने माझा गालगुच्चा घेतला, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत नेहमीसारखी सावकाश चालली. तिथे थांबली, वळून माझ्याकडे बघितलं, आणि मग एकदम पळतच सुटली. गाडीला अजून अर्धा तास होता.