येस

दुपारी बाळ झोळीत झोपलं की मानसीच्या हाती लागे तो वेळ चोरीचाच. तेवढ्यात ती टेपरेकॉर्डर काढायची, कानाला हेडफोन लावायची आणि मुलांचं इंग्रजी कागदावर उतरवत बसायची. मुलं सुरतेच्या कॉलेजांतली, कुणी गुजराती, कुणी खानदेशी. जशी बोलली तसंच लिहायचं, अडखळण्यासकट, चुकांसकट. मग प्रत्येक चुकीवर खूण. ही सगळी बोलणी विद्यापीठाच्या संगणकात भरली, की बोलताना मुलांचं व्याकरण नेमकं कुठे घसरतं ते कळणार होतं. आवाज मात्र संगणकात जाणार नव्हता. "मजकूर उतरला की कॅसेट परत द्या," सरांनी बजावलं होतं. "पुढच्या वर्षीच्या मुलांचे आवाज त्यावरच भरायचेत."

योगेंद्रची कॅसेट कधीच उतरवून झाली होती. तीच तेवढी परत गेली नव्हती.

योगेंद्र सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतला. गणपती बुडाले आणि शहरात प्लेग आला, तेव्हा निम्मी वस्ती मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. योगेंद्रही एका ट्रकवर चढला. ट्रक नवापूरच्या अलीकडे उलटला. प्लेग त्याला शिवलासुद्धा नव्हता.

आता थंडी पडली होती, आणि त्याची आई, सुंदराबाई, दारात उभी होती. चपला काढून, उंबऱ्याच्या बाहेरच.

"बेन, तुम्हनाजोडे मना योगेंद्रना आवाज शे म्हनतस."

मानसीचं माहेर अमळनेरचं. आजी हीच अहिराणी बोलायची, पण घरात दुसरं कुणी बोललं की वडील डोळे वटारायचे. म्हणून तिला सगळी कळायची, ओठावर मात्र यायची नाही.

"आहे त्याचा आवाज माझ्याकडे. या ना आत," ती म्हणाली.

सुंदराबाई जमिनीवरच टेकली. साड्यांचे धागे कापून कापून तिच्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते. तिने झोळीत डोकावून पाहिलं.

"आंडोर का पोर?"

"मुलगी. नाव ठरत नाहीये अजून. तिच्या बाबांना एक आवडतं, मला दुसरं."

"भांडा निवांत. नाव नही ठेवं तरी पोर मोठीच होस."

मानसीने हेडफोनची वायर उपटली आणि बटण दाबलं. आधी तिचाच आवाज आला, घरच्यांबद्दल सांग म्हणणारा. मग योगेंद्र, घसा खाकरून:

"माय मदर इज कटिंग थ्रेड. शी इज नॉट नोइंग इंग्लिश. बट शी इज ऑलवेज टेलिंग, स्पीक, स्पीक."

"काय म्हनस तो?"

"म्हणतो, आई धागे कापते. तिला इंग्रजी येत नाही. पण सारखी म्हणते, बोल, बोल."

सुंदराबाई पदरात हसली. "हाई खरं शे. तो म्हने, तुले काय समजी? मी म्हनू, न का समजेना, घरमा आवाज तर होई."

कागदावर एवढ्याशा बोलण्यावर मानसीच्या लाल खुणाच खुणा होत्या. तिने तो हळूच पालथा घातला.

टेप पुढे सरकत होती. योगेंद्र आवडत्या विषयाबद्दल बोलला, नोकरीबद्दल बोलला. मानसी मराठी करून सांगत गेली. सुंदराबाईच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र विरत चाललं होतं.

"आवाज त्यानाच शे," ती म्हणाली. "पन कोना घरना पाव्हना बोली ऱ्हायना आसं वाटस. मन्हासाठे एक शब्द नही त्यामा."

मानसीने टेपचा आवाज थोडा कमी केला.

"मीच सांगं त्याले, तू पुढे जाय, मी खोलीले कुलूप लाईसन येस. ट्रक सुरू व्हयना तसा धावतच चढना. निंघताना येस म्हनना नही."

आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तसंच खानदेशी घरात 'जास' नाही, 'येस'. आजी नुसती शेजारी निघाली तरी म्हणायची. तेवढा एक शब्द राहून गेला होता, आणि ही बाई तो उराशी धरून बसली होती.

टेप शेवटाला आली. "शॅल वी स्टॉप हिअर?" मानसीच्या आवाजाने विचारलं.

"येस," योगेंद्र म्हणाला. खुर्ची सरकली. खट्.

सुंदराबाईचा हात पदरावरच थांबला.

"म्हनना," ती हळू म्हणाली. "येस म्हनना तो."

मानसीचं तोंड उघडलं. थांबायचं का, असं तिने विचारलं होतं आणि पोरगा साधं इंग्रजी हो म्हणाला होता. साऱ्या कॅसेटमधलं तेवढंच उत्तर बिनखुणेचं होतं. चूक दिसली की दाखवायची ही तिची इतक्या दिवसांची सवय. ती सवय जिभेवर आली आणि तिथेच थिजली.

"आखो एक डाव लावा, बेन."

तिने टेप मागे नेली. ती जरा जास्तच मागे गेली, 'शॅल' ऐकू आलं. तिने झटकन बंद केली, कॅसेट बाहेर काढली आणि पेन्सिल घालून चाक थोडं, अगदी थोडं पुढे फिरवलं. स्वतःचा प्रश्न तिने असा गुंडाळून टाकला. पुन्हा लावली.

"येस." खुर्ची सरकली.

"ये, बापू," सुंदराबाई म्हणाली. टेपरेकॉर्डरला नव्हे, उघड्या दाराकडे बघून.

मग ती रडली. पदर तोंडात कोंबून, झोपलेलं बाळ उठू नये अशा बेताने. तरी बाळ उठलंच. तशी तिने डोळे पुसले, झोळीला एक झोका दिला आणि उठली. चपला पायात सरकवून म्हणाली, "येस बरं, बेन."

"या, माय," मानसी म्हणाली. हा 'माय' कुठून आला ते तिलाही कळलं नाही.

दार लोटून तिने रडणाऱ्या लेकीला कडेवर घेतलं. कॅसेट काढली. तिच्या कडेला प्लॅस्टिकची दोन इवलाली पाती असतात. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. सरांना काय सांगायचं ते तिला सुचलं नव्हतं. तिने पेन्सिलीच्या टोकाने एक पातं मोडलं, मग दुसरं.

लेकीने लगेच हात पुढे केला. दिसेल ते तोंडात घालायचं वय. मानसीने ती दोन पाती मुठीत घट्ट आवळली.