माईची गाडी पहिल्या गिअरमध्ये

गाडी उभी केली आणि पहिला गिअर टाकला नाही, असं माईच्या हातून एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. लाँड्रीच्या मागच्या अंगणाला उतार होता आणि हँडब्रेक नावापुरता. नवऱ्याने गाडी शिकवताना सांगितलं होतं, "ब्रेकचा भरवसा धरू नकोस, गिअरचा धर." पुढे नवरा गेला, दोन गाड्या भंगारात गेल्या, तिसरी आली. सवय तीच राहिली. धाकटा पोरगाही तेच बघत मोठा झाला.

माईची गाडी थांबेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण बोटं दगा देऊ लागली. ओल्या चादरी पिळण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे थंडीच्या सकाळी बोटं वळायलाच तयार नसत, आणि स्टिअरिंग म्हणजे नुसता बर्फ. मागच्या आठवड्यात हॉटेलच्या चादरी आणताना वळणावर हात सुटला. गाडी फुटपाथवर चढली आणि टपालपेटीपासून वीतभर अंतरावर थांबली. माईने हे कुणाला सांगितलं नाही. पोस्टमनने सगळ्यांना सांगितलं.

"किल्ली दे," धाकटा म्हणाला. "उद्यापासून चादरी मी आणतो."

"तू? तुला तुझ्याच चादरीतून बाहेर काढायला दोन माणसं लागतात."

सुनेने मधला मार्ग काढला. गाडीला रिमोट स्टार्टर बसवायचा. माईने स्वयंपाकघरातून बटण दाबायचं, गाडी आपली आपण सुरू होऊन गरम होईल, मग सावकाश जाऊन बसायचं. धाकटा गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायचा, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने अट मात्र घातली.

"ही हाताच्या गिअरची गाडी आहे, माई. गिअरमध्ये असताना बटण दाबलंस तर ती गरम होत बसणार नाही, उडी मारेल. तेव्हा न्यूट्रल. एकदा, फक्त एकदा गिअर टाकून आलीस, की किल्ली माझी."

"आणि तू विसरलास तर?"

"मी वायरिंगवाला आहे."

"म्हणून तर विचारलं."

रविवारी दुपारी धाकट्याने फाटकातून गाडी आत घेतली, तोंड लाँड्रीच्या भिंतीकडे करून उभी केली आणि खोकं फोडलं. आतला माहितीचा कागद त्याने जमिनीवर पसरला आणि त्यावर स्क्रू ठेवले. माईने स्क्रू उचलून बशीत टाकले आणि कागद सुनेच्या हातात दिला. माईची शाळा तिसरीत सुटली होती, कान नव्हते सुटले.

"वाच, मोठ्याने. आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहून नको वाचूस, इकडे ये."

सून बाजूला आली. गाडीच्या पुढ्यात आता फक्त धुतलेल्या चादरींची ट्रॉली राहिली. कागदात लिहिलं होतं: आधी हँडब्रेक नीट करून त्याची वायर जोडा, मग सगळ्या दारांची, मग बॉनेटची. क्लचची सगळ्यात शेवटी.

"क्लचची कशाला?" माईने विचारलं.

"क्लच दाबल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही," धाकटा डॅशबोर्डखालून म्हणाला. "रिमोटला पाय नसतात. म्हणून वायर अशी जोडायची, की गाडीला वाटावं क्लच दाबलेला आहे."

"म्हणजे गाडीला खोटं सांगायचं."

"तसंच समज."

"मग खोटं शेवटीच सांगावं. कागद बरोबर बोलतोय."

"माई, दहा वर्षं हेच काम करतोय. क्लचची वायर हाताशीच आहे, ती आधी उरकतो. बाकीचं मागून."

 माईने इस्त्रीच्या टेबलाचा मोडका पाय आणला आणि पुढच्या चाकाखाली सरकवला. धाकटा तिच्याकडे बघून हसला, क्लचची वायर जोडून बाहेर आला, दार लावलं आणि बटण दाबलं.

गाडीने उडी मारली, ट्रॉलीला धडकली आणि बंद पडली. यंत्राला वाटलं, सुरू झाली नाही. यंत्र चिकाटीचं होतं, त्याने पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या उडीत ट्रॉली भिंतीला भिडली आणि चाक मोडक्या पायावर अर्धं चढून थांबलं. धाकटा रिमोटवरची सगळी बटणं एकदम दाबत होता. त्यामुळे हॉर्न तेवढा वाजला. माईने दार उघडलं, कंबरेत वाकून आत हात घातला आणि गिअर काढला. तिसऱ्या वेळी गाडी शहाण्यासारखी सुरू झाली आणि गरम होऊ लागली.

सुनेने कागदाची घडी घातली.

"गाडी अंगणात कुणी लावली होती?" माईने विचारलं.

"मी."

"एकदा, फक्त एकदा, असं कुणीतरी म्हणत होतं."

 धाकट्याने क्लचची वायर सोडवली. मग हँडब्रेक घट्ट केला, दारांच्या वायरी, बॉनेटची वायर, आणि खोटं सगळ्यात शेवटी. संध्याकाळी त्याने माईला गाडी लावायची नवी रीत शिकवली. इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं. उतरायचं, सगळी दारं लावायची, बटण दाबायचं. मग इंजिन बंद होतं.

"यानंतर एकही दार उघडलं, तर सकाळी बटणाने सुरू होणार नाही. आत जाऊन कुणी गिअर टाकला असेल, काय सांगावं?"

"म्हणजे हे यंत्र कुणावरच विश्वास ठेवत नाही."

"नाही."

"मग ठीक आहे."

माईने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. सकाळी स्वयंपाकघरातून बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा हात लांब करून दाबलं. धाकटा चहा पीत बसला होता. त्याचा कप हवेतच थांबला.

माई अंगणात गेली. काचेतून गिअरचा दांडा दिसला. पहिल्यात होता. काल बटण दाबून झाल्यावर चादरींचं एक गाठोडं मागच्या सीटवर राहिलेलं आठवलं होतं. ती परत गेली, गाठोडं काढलं, येता येता पुढचं दार उघडून चष्मा घेतला, आणि हाताने एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. तिला कळलंही नाही.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. दार उघडून गिअर काढायला किती वेळ लागतो? माई तशीच आत आली आणि किल्ली धाकट्याच्या बशीशेजारी ठेवली.

"घे. पहिल्यात आहे. मीच टाकला."

खोटं फक्त गाडीला सांगायचं होतं.

धाकट्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीशी चेपलेली ट्रॉली अजून तिथेच होती.

"गाडी हलली का?"

"जागची हलली नाही."

"मग यंत्र बरोबर बसलंय," तो म्हणाला आणि त्याने किल्ली तिच्याकडे सरकवली.

माईने किल्ली घेतली नाही.

"हॉटेलवाले वाट बघतायत. स्टिअरिंगचा बर्फ झालाय. जा, गाडी सुरू करून बस, गरम झाली की मला हाक मार. न्यूट्रलमध्ये बस."

धाकटा चहा अर्धा टाकून घरातल्याच चपला घालून गेला. माईने खिडकीतून पाहिलं. तो दोन्ही तळव्यांनी स्टिअरिंग चोळत होता. तिने रिमोट खिडकीत उलटा ठेवला आणि त्याचा उरलेला चहा पिऊन टाकला.