दुसऱ्यांच्या घरात

नव्या शहरात आलो आणि आमची मोठी एकदम शहाणी झाली.

जुन्या घरात तिला आम्ही 'सरकार' म्हणायचो. सहा वर्षांची पोर, पण हुकूम असे सोडायची की समोरच्यानं निमूट उठावं. पलंगावर उड्या, फ्रिज उघडून त्याच्यापुढे उभं राहणं, धाकट्याच्या हातातलं हिसकावणं आणि वर तोंड करून आपलंच खरं करणं. नवरा म्हणायचा, ही तुझ्यावर गेलीय. माझा आवाज रोज चढायचा आणि तिचा त्याच्यावर.

इथं आल्यापासून मात्र हूं की चूं नाही. ताटात पडेल ते खाते, आणखी मागत नाही. पाणी हवं असलं तरी विचारते, "आई, पाणी घेऊ का?" कपड्यांच्या घड्या करून स्वतःच्या पिशवीत ठेवते. धाकट्यानं तिची बाहुली ओढली तरी गप्प बसते. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट मनासारखी झाली. बाकी सगळा आनंदच होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीनं त्याला या शहरात पाठवलं, पण शहरात राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून बस जिथं वळसा घालून परत फिरते, तिथं आमचं घर. रस्त्याला दिवे आलेत, फूटपाथ अजून यायचाय. इमारती सगळ्या एकाच रंगाच्या. एकदा मी धाकट्याला काखोटीला मारून, भाजीच्या पिशव्या सावरत भलत्याच इमारतीत चढले आणि तिथल्या कुलपाशी झटत बसले. आतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण आहे?" मी एवढी वैतागले होते, की उलट त्यालाच विचारलं, "तुम्ही कोण?"

मी कवळ्या बनवते. डॉक्टर माप घेतात, साचा आमच्या लॅबमध्ये येतो. त्यात प्लास्टर ओतायचं, बुडबुडे निघेपर्यंत टेबलावर आपटत राहायचं, मग मेणात एकेक दात बसवायचा. जुन्या लॅबमध्ये पुढचे दात माझ्याशिवाय कुणी बसवत नसे, कारण माणूस हसला की तेच दिसतात. इथं मला घासकामाला बसवलंय. नव्या माणसानं आधी घासायचं, असं इथले मुख्य म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांनी बसवलेले दात मशिनवर चकचकीत करायचे आणि नखांत पांढरी पूड घेऊन बाहेर पडायचं. बस बदलून पाळणाघर गाठायचं, मग शाळा. तिथून धाकटा कडेवर, त्याची पिशवी खांद्याला, मोठीचं दप्तर दुसऱ्या खांद्याला. दोघांची जेवणं उरकेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. नवरा कधी येईल याचा नेम नसतो, कारण अडकलेल्या लिफ्टला घड्याळ कळत नाही. अशात घरातलं एक पोर शहाणं निघालं, तर कोणती आई खोलात जाऊन चौकशी करेल?

परवा पाळणाघरातून फोन आला, धाकट्याला ताप आहे. त्याला घेऊन दवाखान्यात जायचं, तर मोठीला शाळेतून आणणार कोण? शेजारच्या नर्सबाई धावून आल्या. आता निवृत्त झाल्यात, पण चाल अजून वॉर्डातलीच. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या जिन्यात भेटल्या.

"अहो, किती गुणी लेक तुमची! खाऊ समोर ठेवला तर विचारल्याशिवाय हात लावला नाही. तुम्ही येताना दिसलात म्हणून आत्ताच तिला तुमच्या घरी सोडून आलेय. पण तुम्ही एवढ्या लवकर जाणार, हे बोलला नाहीत हं."

"कुठं जाणार?"

"परत. ती म्हणाली, आम्ही थोडेच दिवस आलोय. घरचे लोक आले की जाणार."

मी हसले. म्हटलं, पोरं काहीही बोलतात. त्यांचा निरोप घेतला, धाकट्याला दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि पुढची पायरी चढताना माझे पाय थांबले.

सामान हलवलं त्या दिवशी ती पलंगाचा पाय धरून बसली होती. काही केल्या सोडेना. खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी नवरा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "अगं वेडे, थोडेच दिवस जायचंय. मग परत यायचं." ती लगेच उठली आणि आपले बूट घालून आली. मी गादी बांधत होते. ऐकलं, आणि वाटलं, आत्ता वेळ मारून नेली ना, झालं. पुढचं पुढे बघू. पुढं बघायला कुणाला फुरसत झाली?

आणि दुसऱ्यांच्या घरी कसं वागायचं, हे तिला मीच शिकवलेलं. कुणाकडे जाताना दर वेळी दारातच बजावायची: विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा मागायचं नाही. फ्रिज उघडायचा नाही, पलंगावर उड्या नाहीत, भांडण तर मुळीच नाही. तेव्हा तिनं त्यातलं एक अक्षर कधी पाळलं नव्हतं. आता सगळं पाळत होती. कुणाच्या तरी घरात राहत होती पोर, आणि ते लोक कधी येतात याची वाट बघत होती.

घरात शिरले. धाकट्याला निजवलं. खरं सांगते, मनात आलं, राहू दे. दिवसभर राबून आल्यावर घरात शांतता आहे, ती आपल्या हातानं कशाला घालवा? एकदा खरं सांगितलं की रडारड, आदळआपट, पुन्हा ते सरकार. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. हळूहळू कळेलच की तिचं तिला.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, मला खूप भूक लागलीय. मी एक केळं घेतलं तर घरच्यांना चालेल का?"

मी खाली फरशीवरच बसले. तिला जवळ ओढलं.

"घरचे म्हणजे कोण गं?"

"ज्यांचं हे घर आहे ते."

"हे आपलं घर आहे, बाळा."

"आपलं तिकडे आहे."

"तिकडे आता दुसरे लोक राहतात. आपण इथंच राहायचंय."

"किती दिवस?"

"कायमचं."

सहा वर्षांच्या पोरीला कायमचं म्हणजे काय कळतं, असं मला वाटायचं. तिला चांगलं कळलं.

"पण बाबा म्हणाला थोडेच दिवस."

"बाबा खोटं बोलला. मी ऐकलं आणि मीही गप्प बसले."

मग ते सुरू झालं. तिनं मला मारलं, चावली, लाथा झाडल्या. धाकटा उठून रडायला लागला. मी तिला धरून ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. हुंदक्यांतून ती एकच सांगत होती, ते मला जरा उशिरानं कळलं.

"मी घराला टाटापण नाही केलं. मी टाटापण नाही केलं!"

मी म्हटलं, "मीही नाही केलं गं." आणि तिथंच मला रडू फुटलं. त्या दिवशी दोऱ्या, खोकी आणि धाकट्याचं दूध यातून मान वर काढायला मिळाली नव्हती. एवढ्या वर्षांचं घर, आणि मी त्याच्याकडे पाठ करून खाली उतरले होते.

कुलूप वाजलं. नवरा आत आला. हाताला ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा उतरलेला. आम्हाला फरशीवर बघून दारातच थबकला.

"काय झालं?"

"हिला खरं सांगितलं," मी म्हटलं.

त्यानं पिशवी सावकाश खाली ठेवली. मोठीनं नाक पुसलं.

"बाबा, तू टाटा केलंस घराला?"

तो पुन्हा खोटं बोलू शकला असता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो."

"कधी?"

"तुम्ही ट्रकमध्ये बसलात ना, तेव्हा. नळ नीट बंद आहे का बघून येतो म्हणालो आणि वर गेलो."

"नळ बघितलास?"

"नाही. सगळ्या खोल्यांतून फिरलो. थोडा वेळ बसलो. मग आलो."

ती रडायची थांबली. धाकटा आत एकटाच ओरडत होता आणि आम्ही कुणीच उठलो नाही.

"मग मला का नाही नेलंस?" तिनं विचारलं.

मलाही त्याला तेच विचारायचं होतं.