आजचा प्रयोग : खाली

सिलिकॉनच्या सहा इंची चकत्या, म्हणजे वेफर, आता पंचवीसच उरल्या होत्या. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात आजवर चार इंची चकत्यांवर चिप बनत. या नव्या, रुंद चकत्या भट्टीतून निघताना वाकत. दोन प्रयोग वाया गेले होते. तिसऱ्यात किमान वीस सपाट निघाल्या नाहीत तर भट्टीविभाग बंद, असे मुख्य अभियंता विष्णुपंतांनी बजावले होते. शालिग्रामकाका बावीस वर्षे त्या भट्टीपाशी उभे होते.

दोष कळला होता. रुंद चकतीची कड आधी निवते, मध्य तापलेलाच राहतो. त्या ओढाताणीत ती वाकते. म्हणून चकत्यांची काचेची होडी नळीतून बोटबोटभर, पाऊण तास ओढायची. मला ती चकती जवळची वाटे. माणसांत मीही कडेने लवकर निवत असे.

सकाळी भट्टीच्या दोन नळ्यांपैकी वरच्या नळीचा तापमापक बिघडला.

"खाली टाकू," काका म्हणाले. "काहून घाबरून राहिला, बाबू? वेफरच तर आहेत! सदर बाजारात तळतात, आपण भाजून राहिलो."

मला हसू आले नाही. होडी खालच्या नळीत गेली, आणि दारापाशीच्या फळ्यावर मी लिहिले : आजचा प्रयोग – खाली.

दोन वाजता पाळी बदलली. काका जेवायला गेले. मी काचेच्या भिंतीअलीकडे, मोजमापाच्या टेबलाशी होतो. आत सत्यवती दीदी आल्या; सागर शहराकडच्या, पॅकिंगमधून आठवड्यापूर्वीच इकडे आलेल्या. त्यांनी फळा वाचला, मान डोलावली, खालच्या नळीचे झाकण उघडले आणि लांब आकडी उचलली. रिकामी होडी धुवायला काढतात, तशी त्या भराभर ओढू लागल्या.

त्या क्षणी मला तो फळा त्यांच्या डोळ्यांनी दिसला. आमच्या मराठीत खाली म्हणजे तळाशी. त्यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामे.

आत जायला पांढरा पोशाख चढवावा लागे. तेवढा वेळ नव्हता. भिंतीवर बोलायचे यंत्र होते. नोकरीच्या सात महिन्यांत मी त्याला हात लावला नव्हता. बटण दाबले. होडी नळीच्या तोंडाशी आली. पहिल्या चकत्यांच्या केशरी कडा काळवंडू लागल्या.

"दीदी, रुकिए! खाली नहीं है! भरी है!"

तो आवाज माझा होता.

"बोर्ड पे तो खाली लिखा है, भैया!"

"वो मराठी का खाली है! नीचे वाला! हाथ मत हिलाइए!"

त्या थिजल्या. मग पाऊण तास मी यंत्रातून सांगत राहिलो, एक बोट, थांबा, एक बोट; आणि त्यांचे हात ऐकत राहिले. काका परतले, फळा वाचून माझ्या मागे उभे राहिले.

निवलेल्या चकत्या टेबलावर आल्या. पहिल्या चार बशीसारख्या वाकल्या होत्या. पाचवी पट्टीखाली किंचित डुलली, आणि बसली. एकवीस सपाट.

विष्णुपंतांनी त्या चार उचलल्या. "पाळी कोणाची होती?"

त्यांची नजर दीदींकडे वळली.

"फळ्यावरचं अक्षर माझं आहे, सर," मी म्हणालो.

ते वहीत माझे नाव लिहून निघून गेले. भट्टी धगधगत राहिली.

"मराठी लोग नीचे को भी खाली रखते हैं," पाणी पिता पिता दीदी पुटपुटल्या.

काका हसले. "पुस ते, बाबू. 'नीचे' लिही. मोठ्या अक्षरात."

मी फडके घेतले. आई रोज पाट मांडून म्हणते, "खाली बस." तो शब्द पुसताना हात दोनदा थांबला.