मूळ प्रमाण राखा

रेवाची सीडी आली की नानांचा चेहरा खुलायचा आणि माझं डोकं फिरायचं. खोटं कशाला बोलू?

ही २०११ सालची गोष्ट. नाना म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. आई गेल्यावर मी त्यांना दूर दक्षिणेत, मैलापूरला माझ्याकडे आणलं. बँकेची नोकरी सांभाळून त्यांची पथ्यं, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं, सगळं मीच करायची. धाकटी रेवा कोल्हापुरात बसून महिन्याला एक सीडी पाठवायची. तिने रुंद चित्राचा नवा कॅमेरा घेतला होता. सीडीत ती, तिची मुलं, तिची बाग. तेवढ्यावर ती लाडकी. यापुढे कायम कुणाकडे राहायचं, ते नाना दिवाळीपर्यंत ठरवणार होते. मला ते माझ्याकडेच हवे होते.

नानांचा व्हिडिओ बघायचा प्लेअर तळहाताएवढा, पडदा जवळजवळ चौकोनी. रेवाच्या फाइली त्यावर चालायच्याच नाहीत. त्या कॉम्प्युटरवर बदलून, त्याच्या मापाच्या करून भरायच्या, हेही माझ्याच गळ्यात. एका सीडीला अख्खा रविवार जायचा. प्रोग्रॅममध्ये एक चौकट होती, 'मूळ प्रमाण राखा'. तिथे टिक केली की चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या आणि माणसं होती तशी दिसायची. टिक काढली की पडदा पूर्ण भरायचा, पण माणसं दोन्ही बाजूंनी दाबली जायची.

त्या रविवारी रेवा गुबगुबीत गालांनी म्हणत होती, "नाना, आता इकडेच या ना कायमचे." मी टिक काढली. चुकून नाही. म्हटलं, दिसू दे जरा शेवग्याच्या शेंगेसारखी.

खालच्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरीअम्मा पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी. संध्याकाळी नानांनी कौतुकाने त्यांच्या हातात प्लेअर दिला. त्या बघतच राहिल्या.

"अय्यो, पोरगी वाळूलाली की हो," त्या म्हणाल्या. "तिथं कोण बघते तिला?"

वाळूलाली म्हणजे वाळत चाललीय, हे नानांना कुणी सांगावं लागलं नाही. रात्री त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सकाळी रेवाला फोन केला, तर ती म्हणाली, मी ठणठणीत आहे.

"ती कधी सांगणारच नाही," नाना मला म्हणाले. "अलका, माझं तिकीट काढ. आता तिकडेच राहीन म्हणतो. तिला माझी गरज आहे. तुझं सगळं नीट चाललंय."

मी बँकेत रजा टाकली. टिक करून फाइली पुन्हा बदलल्या आणि प्लेअर त्यांच्यासमोर धरला.

"नाना, ही खरी रेवा. आधी मी मुद्दाम दाबली होती तिला. जळते मी तिच्यावर. मला तुम्ही इथे हवे आहात."

नानांनी गोल चेहऱ्याची रेवा पाहिली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मी काळजी करू नये म्हणून जाड केलीस तिला," ते म्हणाले. "लहानपणापासून तू तिच्यावर असंच पांघरूण घालत आलीस. आता तर स्वतःवर आळ घेतेस. तुझ्याएवढं मोठं मन माझंसुद्धा नाही गं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं एवढं कौतुक केलं, आणि शुक्रवारच्या गाडीने ते रेवाकडे राहायला गेले.